चॅप्टर १३ मधून ७, ७ मधून १३: अमेरिकेत दिवाळखोरीची केस बदलण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अमेरिकेत राहणाऱ्या आणि दिवाळखोरीचा अर्ज आधीच केलेल्या मराठी कुटुंबांसाठी आहे. अर्ज करताना निवडलेला मार्ग (अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यातला चॅप्टर ७ किंवा १३) आता झेपत नाही, वकील म्हणतात "केस कन्व्हर्ट करू", आणि घरात कोणाला त्याचा नीट अर्थ लागत नाही, अशा वेळी हे वाचा. एक वाक्य आधीच लक्षात ठेवा, कारण पुढे ते बऱ्याच उत्तरांत येईल: केसचा प्रकार बदलतो, अर्जाची तारीख बदलत नाही. ही सर्वसाधारण माहिती आहे. तुमच्या केसचा निर्णय तुमच्या राज्यातल्या दिवाळखोरीच्या वकिलाशी बोलूनच घ्या.

चॅप्टर ७ आणि चॅप्टर १३ यांत फरक काय?

चॅप्टर ७ मध्ये कोर्टाने नेमलेला ट्रस्टी तुमची मालमत्ता तपासतो. कायद्याने सूट दिलेल्या वस्तू तुमच्याकडे राहतात, बाकीच्या विकून तो क्रेडिटर्सना, म्हणजे तुम्ही ज्यांचं देणं लागता त्यांना, पैसे वाटतो. बहुतेक कुटुंबांकडे सुटीपलीकडे विकण्यासारखं फारसं नसतं. साधारण चार महिन्यांत डिस्चार्ज मिळतो, म्हणजे क्रेडिट कार्ड, हॉस्पिटलची बिलं अशी कर्जं फेडण्याची जबाबदारी संपते.

चॅप्टर १३ मध्ये मालमत्ता तुमच्याकडेच राहते, पण तीन ते पाच वर्षं दरमहा ट्रस्टीकडे हप्ता भरावा लागतो. हप्त्यांच्या या आराखड्याला प्लॅन म्हणतात आणि तो पूर्ण झाल्यावरच डिस्चार्ज मिळतो. घराचे थकलेले हप्ते हळूहळू भरून घर वाचवायचं असेल तर हाच मार्ग.

केस बदलायची वेळ का येते?

तीन ते पाच वर्षं हा मोठा काळ आहे. नोकरी जाते, घटस्फोट होतो, आजारपण येतं, दुसरं मूल होतं, आणि अर्ज करताना पगारावर बेतलेला हप्ता पेलेनासा होतो. कधी घर हातातून गेलेलंच असतं. मग ज्या घरासाठी चॅप्टर १३ घेतला तेच राहिलं नाही, तर हप्ते कशासाठी भरायचे, हा प्रश्न रास्त आहे. ही वाट १३ मधून ७ ची, आणि बहुतेकांचा प्रवास याच दिशेने होतो.

उलट दिशा कमी दिसते. चॅप्टर ७ चा अर्ज केल्यावर कळतं की घरात सुटीपेक्षा जास्त इक्विटी (घराच्या किमतीतून कर्ज वजा जाता उरणारा तुमचा वाटा) आहे आणि ट्रस्टी घर विकणार आहे. किंवा उत्पन्न जास्त असल्याने केस फेटाळण्याची मागणी होते. अशा वेळी १३ मध्ये जाऊन घर वाचवता येऊ शकतं.

१३ मधून ७ मध्ये जायला न्यायाधीशांची परवानगी लागते का?

नाही. हा तुमचा हक्क आहे आणि तो आगाऊ सोडून दिल्याची सही कोणी घेतली असेल तर ती कायद्याने निरर्थक आहे. वकील कोर्टात कन्व्हर्जनची नोटीस दाखल करतात, २५ डॉलर फी भरतात आणि केस बदलते. चॅप्टर १३ च्या अर्जाची फी ३१३ डॉलर आणि ७ ची ३३८, म्हणजे मधला फरक तेवढा भरायचा. वकिलाची फी अर्थातच वेगळी, ती आधी विचारून घ्या.

नोटीस एका पानाची असते. त्यामुळे लोकांना वाटतं की काम सोपं आहे. दाखल करणं सोपं आहे, परिणाम सोपे नाहीत.

"अर्जाची तारीख तीच राहते" याचा व्यवहारात अर्थ काय?

समजा तुम्ही मार्च २०२३ मध्ये चॅप्टर १३ चा अर्ज केला आणि आज ७ मध्ये जाताय. कायदा तुमची केस मार्च २०२३ चीच मानतो. त्यातून काही गोष्टी तुमच्या बाजूने पडतात, काही विरुद्ध.

बाजूने: ट्रस्टीच्या हाती येते ती मार्च २०२३ ला तुमची असलेली आणि आजही तुमच्याकडे उरलेली मालमत्ता. त्यानंतर मिळालेला पगार, त्यातून केलेली बचत, मधल्या काळात घेतलेली जुनी गाडी हे तुमचं राहतं. अट एकच, बदल प्रामाणिक हेतूने केलेला हवा. हेतू वाईट होता असं कोर्टाला दिसलं तर बदलाच्या दिवशी असलेलं सगळं हिशेबात येतं.

अर्जानंतर आणि बदलाच्या आधी झालेलं कर्जही, उदाहरणार्थ २०२४ मधलं हॉस्पिटलचं बिल, अर्जापूर्वीचं असल्यासारखं धरलं जातं आणि डिस्चार्जमध्ये येऊ शकतं. अशा कर्जांची यादी बदलानंतर १४ दिवसांत द्यायची असते. ही यादी घाईत अर्धवट जाते असं मी नेहमी पाहतो. बिलांचा ढीग काढून बसा, कलेक्शन एजन्सीचे लिफाफे न उघडता फेकू नका.

विरुद्ध: सुटीच्या रकमाही जुन्या तारखेच्या लागतात. फेडरल सुटीचे आकडे दर तीन वर्षांनी वाढतात. १ एप्रिल २०२५ पासून घरासाठीची सूट ३१,५७५ डॉलर झाली, त्याआधी ती २७,९०० होती. केस २०२३ ची असेल तर तुम्हाला २७,९०० चाच आकडा मिळतो. न्यू जर्सीत ही फेडरल सूट घेता येते, कॅलिफोर्नियात घेता येत नाही, तिथे राज्याची स्वतःची आहे.

आणि सगळ्यात दुखणारा नियम आठ वर्षांचा. आधी चॅप्टर ७ मध्ये डिस्चार्ज मिळाला असेल तर त्या अर्जापासून आठ वर्षांच्या आत केलेल्या अर्जावर पुन्हा ७ चा डिस्चार्ज मिळत नाही. १३ साठी हे अंतर चार वर्षांचं आहे. म्हणून अनेक जण पाचव्या-सहाव्या वर्षी १३ चा अर्ज करतात. पुढे तो झेपला नाही म्हणून ७ मध्ये गेले, तर आज आठ वर्षं उलटून गेली असली तरी मोजणी १३ च्या अर्जाच्या तारखेलाच थांबलेली असते. मालमत्ता ट्रस्टीच्या हाती जाते आणि डिस्चार्ज मिळत नाही. अशा माणसाने कन्व्हर्जनच्या वाटेला जाऊच नये.

मी ट्रस्टीकडे भरलेले पण अजून वाटले न गेलेले पैसे कोणाचे?

प्लॅन मंजूर झालेला असेल तर तुमचे. हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. टेक्सासमधल्या एका कर्जदाराचं घर फोरक्लोजरमध्ये (हप्ते थकल्यामुळे बँकेने घर ताब्यात घेऊन विकणं) गेलं, पण पगारातून कापलेले हप्ते ट्रस्टीकडे साठत राहिले. त्याने केस ७ मध्ये बदलली तेव्हा ट्रस्टीकडे ४,३१९ डॉलर पडून होते आणि बदलानंतर ते क्रेडिटर्सना वाटले गेले. २०१५ मध्ये न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी एकमताचा निकाल लिहिला: बदल झाला की १३ च्या ट्रस्टीचं काम संपतं, आणि अर्जानंतरच्या पगारातून आलेले न वाटलेले पैसे कर्जदाराला परत मिळाले पाहिजेत.

म्हणून दोन गोष्टी करा. ट्रस्टीच्या पोर्टलवर शिल्लक किती दिसते ते बदलाच्या आदल्या दिवशी पाहून ठेवा. आणि पगारातून थेट कपातीचा आदेश असेल तर तो बंद झाल्याची खात्री पेरोलकडून करून घ्या. कपात आपोआप थांबेल असं धरून चालू नका.

मधल्या काळात घराची किंमत वाढली. ती वाढ माझी की ट्रस्टीची?

याचं उत्तर तुम्ही कुठे राहता त्यावर आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत धोक्याचा भाग आहे.

कोलोरॅडो, यूटा वगैरे राज्यांवर अधिकार असलेल्या दहाव्या सर्किटने (त्या भागाच्या फेडरल अपील कोर्टाने) २०२२ मध्ये कर्जदाराच्या बाजूने निकाल दिला: १३ चालू असताना घर विकून आलेले पैसे त्याचेच. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ॲरिझोना ज्या नवव्या सर्किटमध्ये येतात, त्याने २०२३ मध्ये उलट सांगितलं. त्या केसमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका जोडप्याने २०१९ मध्ये अर्ज केला तेव्हा घर ५ लाख डॉलरचं होतं, आणि मॉर्गेज व सूट मिळून सगळी किंमत झाकली जात होती. ट्रस्टीला घेण्यासारखं काहीच नव्हतं. २०२१ मध्ये त्यांनी ७ मध्ये बदल केला तोपर्यंत घर अंदाजे दोन लाखांनी वधारलं होतं. ती वाढ ट्रस्टीची, म्हणजे क्रेडिटर्सची, असा निकाल लागला.

बे एरियात किंवा सिॲटलजवळ राहणाऱ्या मंडळींनी हे दोनदा वाचावं. नोटीस दाखल करण्याआधी घराची आजची किंमत काढा. झिलोवरचा आकडा अंदाजापुरता ठीक आहे, पण ब्रोकरकडून लेखी किंमत घेतलेली बरी. एकदा ७ मध्ये गेलात की "नको, परत १३ करा" हे हक्काने मागता येत नाही.

भारतातला फ्लॅट, गावची जमीन, अंगावरचं सोनं हे सगळं दाखवावं लागतं का?

हो. सगळं. कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत: मालमत्ता कुठेही असो आणि कोणाच्याही ताब्यात असो. पुण्यातला फ्लॅट, एनआरई आणि एनआरओ खाती, एलआयसीच्या पॉलिसी, पीपीएफ, बँकेच्या लॉकरमधल्या पाटल्या-बांगड्या, सगळं शेड्यूल ए/बी या फॉर्मवर यायला हवं. अमेरिकेतल्या फोर-ओ-वन-के खात्याला कायद्याचं भक्कम संरक्षण आहे. पीपीएफलाही तसंच असेल असं गृहीत धरू नका.

चॅप्टर १३ मध्ये पुष्कळदा या गोष्टी राहून जातात. मालमत्ता कोणी विकणार नसतं, म्हणून प्रश्नही वरवरचे होतात. ७ मध्ये बदलल्यावर नवा ट्रस्टी येतो आणि मालमत्ता शोधणं हे त्याचं कामच असतं. तो बँक स्टेटमेंट मागतो, त्यात भारतात गेलेले पैसे दिसतात, आणि तो विचारतो हे कशासाठी पाठवले.

वडिलोपार्जित जमिनीबद्दल मुलींनी विशेष लक्ष द्यावं. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. सातबाऱ्यावर तुमचं नाव लागलेलं नसलं तरी हक्क असू शकतो. लग्न होऊन वीस वर्षांपूर्वी एडिसनला आलेल्या बाईंना "माझ्या नावावर काही नाही" हे मनापासून खरं वाटतं. फॉर्मवर मात्र हक्काबद्दल विचारलेलं असतं, नावाबद्दल नाही.

यातच हक्कसोडपत्राचा प्रश्न येतो. भाऊ फोन करतो, "ताई, तलाठ्याकडे काम अडलंय, हक्कसोडपत्रावर सही करून पाठव." आपल्याकडे बहिणी अशी सही सहज करतात, त्यात मायाही असते. पण अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत केलेली अशी सही म्हणजे मोबदला न घेता दिलेली मालमत्ता, आणि ट्रस्टी ती उलटवायचा प्रयत्न करू शकतो. केस चालू असताना, कोर्टाला न विचारता केलेली सही त्याहून वाईट. भावाला सांगा, "माझी इथे केस चालू आहे, वकिलांना विचारल्याशिवाय सही करता येणार नाही." भाऊ रुसला तरी चालेल.

ट्रस्टी साताऱ्याची दहा गुंठे जमीन विकायला निघेल का? बहुधा नाही. विकणं खर्चिक आणि किचकट असेल तर तो ती मालमत्ता सोडून देतो, आणि तसं करायची कायद्यात तरतूद आहे. पण सोडायची की नाही हे त्याने ठरवायचं, आपण लपवून नाही. मालमत्ता लपवणं हा फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, आणि डिस्चार्ज नाकारला जातो तो वेगळाच. दाखवलेल्या जमिनीपायी त्रास झालेली माणसं विरळा. अडचणीत येतात ती न दाखवलेल्या जमिनीपायी.

किंमत कशी लिहायची? फ्लॅटसाठी बाजारभाव लिहा आणि आधार म्हणून रेडी रेकनरचा दर जोडा. सोन्यासाठी आज विकायला गेलात तर सराफ काय देईल तो आकडा, घडणावळ धरून नव्हे. दागिन्यांची फेडरल सूट १ एप्रिल २०२५ पासून माणशी २,१२५ डॉलर आहे. त्यात एक बरं मंगळसूत्रही बसत नाही, पण कोणत्याही वस्तूला लावता येणारी वेगळी सूट असते ती वापरता येते. आणि वाढीचा तो प्रश्न इथेही आहे. मार्च २०२५ मध्ये सोन्याने औंसाला ३,००० डॉलर ओलांडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ४,०००. जुन्या केसमध्ये लिहिलेली दागिन्यांची किंमत आणि आजची यांत मोठी तफावत असणार. वकिलांना हे आपणहून सांगा, ते विचारायची वाट पाहू नका.

अर्जाआधी वडिलांचे उसने पैसे परत केले होते. त्याचं काय?

क्रेडिट कार्डं थकवून आधी घरच्यांचे पैसे फेडणं आपल्याला नैतिक वाटतं. कायद्याला तो पक्षपात वाटतो. जवळच्या नातेवाइकाला अर्जापूर्वीच्या एका वर्षात केलेली परतफेड ट्रस्टी परत मागू शकतो. हे वर्ष मूळ अर्जापासून मागे मोजतात, बदलाच्या दिवसापासून नाही. परतफेड झाली असेल तर ती दाखवा.

केस चालू असताना आई-वडिलांपैकी कोणी गेलं आणि वारसाहक्क आला तर?

मूळ अर्जापासून १८० दिवसांच्या आत निधन झालं असेल तर तो हिस्सा चॅप्टर ७ मध्येही मालमत्तेत धरला जातो, पैसे हातात यायला पुढे दोन वर्षं लागली तरी. चॅप्टर १३ चालू असताना त्यानंतर आलेल्या वारशाबद्दल कोर्टांचं एकमत नाही. दुःखात वकिलाला फोन करणं सुचत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण हा फोन टाळू नका.

घराची थकबाकी आणि गाडीचं कर्ज यांचं ७ मध्ये काय होतं?

१३ मध्ये मिळालेले फायदे बहुतेक निघून जातात. थकबाकी पूर्ण भरून झालेली नसेल तर उरलेली थकबाकी पुन्हा उभी राहते आणि बँक फोरक्लोजरला मोकळी होऊ शकते. १३ मध्ये गाडीची किंमत कमी धरून कर्ज घटवलं असेल, तर पूर्ण फेड न झाल्यास मूळ आकडा परत येतो. घराची किंमत पहिल्या मॉर्गेजपेक्षाही कमी होती म्हणून दुसरं मॉर्गेज १३ मध्ये काढून टाकलं असेल, तर ७ मध्ये ते टिकत नाही. चॅप्टर ७ मध्ये असं दुसरं मॉर्गेज काढून टाकता येत नाही हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितलं आहे.

घर आणि गाडी ठेवणार की सोडणार, हे बदलानंतर ३० दिवसांच्या आत किंवा क्रेडिटर्सच्या मीटिंगच्या (ट्रस्टी शपथेवर प्रश्न विचारतो ती बैठक) आधी, जे आधी येईल तोपर्यंत लेखी कळवायचं असतं.

माझ्या कर्जाला मित्राने सही दिली होती. त्याला त्रास होईल का?

होऊ शकतो. चॅप्टर १३ मध्ये घरगुती कर्जावर सही करणाऱ्या दुसऱ्या माणसालाही संरक्षण असतं. केस ७ मध्ये गेली की त्याच क्षणी ते संपतं, आणि क्रेडिटर मित्राच्या मागे लागू शकतो. मंडळातल्या ओळखीवर कोणी तुमच्या गाडीसाठी को-साइन केलं असेल तर नोटीस दाखल होण्याआधी त्याला स्वतः फोन करून सांगा. कलेक्शनवाल्यांच्या फोनवरून त्याला कळू नये, इतकं देणं आपण लागतो.

नोकरी गेली आहे. तरीही मीन्स टेस्ट द्यावी लागते का?

बदललेल्या केसला ही उत्पन्नाची चाचणी लागू होते का यावर कोर्टांमध्ये मतभेद आहेत, पण अनेक ठिकाणी फॉर्म भरून मागतात. अडचण अशी की चाचणीतलं उत्पन्न मूळ अर्जाआधीच्या सहा महिन्यांचं असतं. तेव्हा तुम्ही सॉफ्टवेअरच्या पूर्ण पगारावर होता, आज बेकार आहात, आणि फॉर्मवर तो जुना पगार दिसतो. यासाठी विशेष परिस्थिती मांडायची सोय कायद्यात आहे. लेऑफचं पत्र, सेव्हरन्सचा कागद, बेकारी भत्त्याची स्टेटमेंट्स तयार ठेवा.

७ मधून १३ मध्ये जायचं असेल तर?

इथे नोटीस पुरत नाही, कोर्टाकडे अर्ज करावा लागतो. कोर्टाची फी नाही. नियमित उत्पन्न हवं आणि कर्ज मर्यादेत हवं. १ एप्रिल २०२५ पासून तारण नसलेल्या कर्जाची मर्यादा ५,२६,७०० डॉलर आणि तारण असलेल्याची १५,८०,१२५ डॉलर आहे. पहिला हप्ता लवकरच सुरू होतो, साधारण महिनाभरात, प्लॅन मंजूर व्हायच्याही आधी.

घर वाचतं, पण फुकट नाही. ७ मध्ये ट्रस्टीने विकून जेवढं वाटलं असतं, निदान तेवढं तरी क्रेडिटर्सना प्लॅनमधून मिळालं पाहिजे. सुटीपलीकडची इक्विटी ६०,००० डॉलर असेल, तर पाच वर्षांत महिन्याला सुमारे हजार डॉलर केवळ त्याचेच झाले. विक्रीचा खर्च वजा होऊन आकडा थोडा उतरेल, आणि त्यावर ट्रस्टीचं कमिशन आहे, जे दहा टक्क्यांपर्यंत असू शकतं. हे गणित कागदावर मांडून पाहा. घरावरच्या प्रेमापोटी न झेपणारा प्लॅन घेणं मला पटत नाही, कारण प्लॅन मोडला की कोर्ट केस पुन्हा ७ मध्ये ढकलू शकतं.

आणि हा मार्ग लपवाछपवी करणाऱ्यासाठी खुला नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या एका कर्जदाराने मेन राज्यातल्या आपल्या घराची किंमत शून्य दाखवली होती. ट्रस्टी मागे लागल्यावर त्याने १३ मध्ये जायचा हक्क सांगितला. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो नाकारला.

क्रेडिटर किंवा कोर्ट जबरदस्तीने केस बदलू शकतं का?

१३ मधून ७ मध्ये, हो. हप्ते चुकले, टॅक्स रिटर्न भरले नाहीत, उगाच दिरंगाई केली, अशा कारणांवर कोर्ट केस ७ मध्ये टाकू शकतं किंवा फेटाळू शकतं. ७ मधून १३ मध्ये मात्र तुमच्या संमतीशिवाय कोणीही ढकलू शकत नाही.

बदलण्यापेक्षा केस सोडून नवा अर्ज केला तर?

कधी तेच योग्य असतं. आठ वर्षांच्या नियमात अडकलेल्यांना नव्या तारखेचा अर्जच उपयोगी पडतो. पण वर्षभरात एक केस फेटाळली गेली असेल तर नव्या केसमध्ये क्रेडिटर्सना रोखणारा आदेश ३० दिवसच टिकतो, वाढवून घ्यावा लागतो. शिवाय आधी ७ मधून १३ मध्ये आला असाल, तर केस आपणहून सोडण्याचा नेहमीचा हक्क तुमच्याकडे राहत नाही. "बघू, नाही जमलं तर सोडून देऊ" या भरवशावर ७ मधून १३ मध्ये जाऊ नका.

बदल न करता दुसरा काही उपाय आहे का?

आहे, आणि तो आधी तपासा. उत्पन्न घटलं असेल तर प्लॅनचा हप्ता कमी करून मागता येतो. परिस्थिती तुमच्या हाताबाहेरची असेल, प्लॅन बदलूनही भागत नसेल, आणि ७ मध्ये मिळालं असतं तेवढं क्रेडिटर्सना मिळून गेलं असेल, तर प्लॅन पूर्ण न करताही डिस्चार्ज मागता येतो. अर्धांगवायूचा झटका आलेल्या, चार वर्षं हप्ते भरलेल्या माणसाला ७ मध्ये नेण्याआधी वकिलांना हा प्रश्न जरूर विचारा.

बदलानंतर पुन्हा क्रेडिटर्सची मीटिंग होते का?

हो, नव्या ट्रस्टीसमोर. हल्ली ती झूमवर होते आणि बहुतेक वेळा क्रेडिटर येतच नाहीत. ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटीचा पुरावा हाताशी ठेवा. शपथ घेतल्यावर ट्रस्टी विचारतो: या कागदांवर सही करण्याआधी तुम्ही ते वाचले होते का? सगळी मालमत्ता यात आहे का? काही चूक दुरुस्त करायची आहे का? शेवटचा प्रश्न म्हणजे संधी आहे. राहिलेली गोष्ट आठवली असेल तर तिथेच बोला. इंग्रजीत अडखळायला होत असेल तर मोफत दुभाषा मिळतो, वकिलांकडून आधी मागणी नोंदवा. मुलाला शेजारी बसवून भाषांतर करून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर परिणाम होतो का?

दिवाळखोरीचा अर्ज करायला नागरिकत्व लागत नाही, आणि अर्ज केला किंवा बदलला म्हणून एच-वन-बी रद्द होत नाही. खोटी शपथ, मालमत्ता लपवणं, टॅक्स न भरणं यांचे परिणाम मात्र इमिग्रेशनपर्यंत पोचू शकतात.

नोकरी गेल्यावर एच-वन-बीवर असलेल्यांना जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत असते, आणि चॅप्टर १३ मधल्या माणसाच्या डोक्यावर ही दोन्ही ओझी एकदम येतात. भारतात परतल्याने केस संपत नाही. मीटिंगला परदेशातून हजर राहायचं असेल तर आधीच ट्रस्टीची मान्यता घ्यावी लागते. शक्य असेल तर तिकीट काढण्यापूर्वी बदलाचा निर्णय आणि सह्या उरकून घ्या.

क्रेडिट रिपोर्टवर किती वर्षं राहतं?

चॅप्टर ७ दहा वर्षं. चॅप्टर १३ क्रेडिट ब्युरो साधारण सात वर्षांनी काढतात. मोजणी मूळ अर्जापासूनच.

भारतातल्या बँकेचं शैक्षणिक कर्ज आहे, आई-बाबा सहकर्जदार आहेत. ते सुटतील का?

ते कर्ज यादीत लिहायलाच हवं. पण डिस्चार्ज फक्त तुम्हाला मिळतो, सहकर्जदाराला नाही. अमेरिकेतल्या कोर्टाचा आदेश भारतातली बँक किंवा कोर्ट आपोआप पाळतं असंही नाही. बँक आई-बाबांकडे वसुलीला जाऊ शकते, घर तारण असेल तर त्याच्याही मागे. डिस्चार्ज मिळाल्यानंतर तुम्ही स्वखुशीने ते कर्ज फेडत राहिलात तर कायद्याची मनाई नाही. चॅप्टर १३ चालू असताना मात्र त्या हप्त्याला प्लॅनमध्ये जागा मिळेलच असं नाही, आणि ७ मध्ये जाण्याचा विचार करताना हाही एक मुद्दा वकिलांपुढे ठेवा. बँकेचं स्टेटमेंट आणि मंजुरीपत्र आई-बाबांकडून मागवून घ्या आणि मुदत, तारण, थकबाकी हे तिन्ही आकडे त्यांच्यासोबत बसून बघा.